येऊन राहिलो

आमच्या अकोल्यातल्या घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये तो भाड्यानं राहायचा आणि तिथंच विमान बनवायचा. माणूस हॉलंडचा, पण मराठी आमच्याच गल्लीत शिकलेला. "काय चाललंय?" विचारलं की कानस न थांबवता सांगायचा, "पंख घासून राहिलो." त्या पंखावर कुणी चहाचा कप ठेवला, की मात्र खेकसायचा.

विमान झालं. नोंदणीसाठी त्यानं मुंबईच्या कार्यालयात स्पीकरवर फोन लावला. "कागद पाठवून राहिलो," तो म्हणाला.

"पाठवायचे राहिलेत ना? मग आधी पाठवा!" पलीकडची बाई म्हणाली. आम्ही पोट धरून हसलो.

पुढे कळलं, परदेशी माणसाच्या नावावर इथं विमान चढतच नाही. मी म्हटलं, "माझ्या नावावर चढवा. नुसतं कागदावर."

त्यानं कानस खाली ठेवली. "लेकरू माहं. बाप म्हणून तुमचं नाव कावून लावू?"

मला रागच आला. चांगलं सांगायला जावं, तर हे!

शेवटी त्यानं पंख सोडवले, खोक्यांत भरले. हॉलंडला जाऊन स्वतःच्या नावावर नोंदवणार होता. निघताना माझा हात दाबून म्हणाला, "भाऊ, याच विमानात येऊन राहिलो."

शेडमध्ये आता आमचे जुने कूलर पडून असतात. परवा आभाळात घरघर झाली, तसा मी जेवता जेवता उठून अंगणात आलो. विमान मोठं होतं. नागपूरकडे निघून गेलं.

"कोन आलं जी?" बायकोनं आतून विचारलं.

"येऊन राहिला," मी म्हटलं.