भुंग म्हणजे पाणी

शब्दकोश करणारे विद्वान पुष्कळ होऊन गेले असतील. पण जी भाषा जगात एकच व्यक्ती बोलते आणि एकालाच कळते, तिचा शब्दकोश करणारा माणूस आमच्या साडूंखेरीज दुसरा झाला असेल असं मला वाटत नाही. बोलणारी व्यक्ती म्हणजे त्यांची तीन वर्षांची नात आणि समजणारे ते स्वतः. डहाणूतल्या एका वखारीत त्यांचा सगळा जन्म चिकूची प्रतवारी करण्यात गेला. लहान, मध्यम, मोठा. कच्चा, तयार, उतरलेला. माझी मेव्हणी वारल्यावर मसोलीच्या घरात ते एकटेच उरले होते. तिकडे तलासरीच्या दवाखान्यात नर्स असलेल्या त्यांच्या मुलीला पोरगी दिवसभर कुठे ठेवावी ही पंचाईत होती. ती रोज सकाळी पोरीला बापाकडे सोडून बस पकडू लागली आणि साडूंना नवीन माल मिळाला.

सुरुवातीला त्यांनी पोरीला रीतसर शिकवायचं ठरवलं होतं. भिंतीवर वेळापत्रक लागलं: सात ते साडेसात रंग, साडेसात ते आठ अंक, आठला दूध. बाजारातून अक्षरांचे तक्ते आले. लहान-मोठं कळावं म्हणून अंगणात चिकूंचे तीन ढीग मांडले गेले. पोरीने तिन्ही ढिगांतला एकेक चिकू चावून पाहिला, लहानांतला गोड निघाला, आणि बाकीचे दोन ढीग तिने लाथेने उडवले. “प्रतवारी बरोबर आहे हिची,” साडू मला म्हणाले, “आम्हीच चाळीस वर्षं आकार बघत बसलो.” त्या दिवशी वेळापत्रक उतरलं. ती काय बोलते ते आधी आपण शिकू, मग तिला शिकवू, असं म्हणून त्यांनी लांबट वही आणली.

त्या वहीत काय नव्हतं! ‘भुंग’ म्हणजे पाणी, कारण घरामागच्या वाडीतली मोटर भुंग असा आवाज करते आणि मग पाणी येतं. ‘फाटक’ म्हणजे शू. रेल्वेच्या बंद फाटकापाशी एकदा स्कूटरवर फार कठीण प्रसंग ओढवला होता, तेव्हापासून. भीती वाटली की ‘धडाम’. नको असलेली यच्चयावत गोष्ट, मग ती भेंडीची भाजी असो की मी, ती ‘नथी’. गुजरातीतला ‘नाही’साठीचा हा शब्द शेजारच्या गुजराती आजींनी दिलेला. प्रत्येक शब्दापुढे अर्थ, उगम आणि वापराचं उदाहरण. मी घरी गेलो की चहाच्या आधी माझी उजळणी व्हायची. मला ‘फाटक’ आठवलं नाही तेव्हा ते इतके खट्टू झाले की चहात साखर घालायची राहून गेली आणि मी ती मागितलीही नाही.

एका रविवारी त्यांच्या मुलीने मात्र विषय काढला. “बाबा, तुमच्याशिवाय तिचं कुणाला काही कळत नाही. उद्या तुम्हांला ताप आला तर हिने करायचं काय? जूनपासून शाळेत घालू या.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “काका, तुम्ही जरा सोबत जा हो, नाहीतर हे एकही पसंत करणार नाहीत.” अशा रीतीने माझ्या दुपारच्या झोपेवर गदा आली.

शाळा बघायची साडूंची पद्धतच वेगळी. फी, बस, गणवेश हे सगळं मी विचारायचं. ते वर्गात शिरून सरळ गुडघ्यांवर बसायचे आणि तिच्या उंचीवरून काय दिसतं ते बघायचे. “साडूभाऊ, इथून नुसते टेबलाचे पाय दिसतात,” असं भर वर्गात ओरडून सांगायचे. मग तुटकी खेळणी कुठे ठेवता म्हणून विचारायचे. आमच्याकडे सगळी नवीन आहेत, असं उत्तर आलं की हळूच मला सांगायचे, “म्हणजे पोरांना हात लावू देत नाहीत.” शेवटी वहीच्या नऊ पानांची झेरॉक्स पुढे करायचे. भिंतीवर जिराफ काढलेल्या एका चकचकीत शाळेतल्या मॅडमनी ती पानं अदबीने मिटली आणि म्हणाल्या, “काळजी करू नका आजोबा, आमच्याकडे आली की महिन्याभरात हे सगळं विसरेल.” बिचाऱ्या धीर द्यायला गेल्या होत्या. साडू उठून चालू लागले, आणि मला मॅडमची माफी मागून त्यांच्या मागे धावावं लागलं.

आशागडच्या बाजूला एक शाळा मला पसंत पडली. इथे वही काढायची नाही, असं मी त्यांना बजावलं आणि दुसऱ्या दिवशी पोरीला तीन तास बसवून पाहायचं ठरलं. ती चूक माझी. पोरगी ‘भुंग’ म्हणाली. बाईंना वाटलं, भुंगा! त्यांनी कौतुकाने सगळ्या वर्गाला हात पसरायला लावले आणि वीस पोरं भुंगभुंग करत वर्गभर उडाली. ती पुन्हा म्हणाली, पोरं पुन्हा उडाली. तिसऱ्यांदा टाळ्या झाल्या. घरी आल्यावर पोरीने दोन पेले पाणी एका दमात संपवलं आणि मग दिवसभर एक शब्दही बोलली नाही. तोवर ती वही म्हणजे म्हाताऱ्याचा नाद आहे असं मी समजत होतो, याची मला मनापासून लाज वाटली.

त्यानंतर मीच मसोलीतली दोन खोल्यांची बालवाडी शोधली आणि वही मीच पुढे केली. बाई पूर्वेकडच्या डोंगरातल्या गावच्या, साध्या, बोलायला मोकळ्या. “माझ्याकडं किनाऱ्यावरच्या आगरची पोरं हायत, पाड्यावरची हायत, गुजराती हायत,” त्या म्हणाल्या. “पयले दोन महिने मीच शिकते. वही ठेवून जा. आमच्या मदतनीस मावशींना वाचून दाखवते. पाणी त्याच देतात ना!” साडूंनी माझ्याकडे पाहिलं. गुडघ्यांवर बसायचंही ते विसरले. बाई पुढे म्हणाल्या, “पण आजोबा, दाराशी बसून राहायचं नाय.” ती एक अट पाळायला त्यांना पंधरा दिवस लागले. तोवर ते समोरच्या टपरीवर बसून दिवसाला सहा सहा चहा पीत होते.

पोरगी रमली. आता तिचं बोलणं कुणालाही कळतं, मलासुद्धा. वहीत नवीन शब्द पडेनासे झाले. साडू तब्येतीने सुधारले, वाडीत लक्ष घालू लागले आणि मीही दुपारी पुन्हा झोपू लागलो. मागच्या आठवड्यात अशाच एका दुपारी त्यांचा फोन आला.

“साडूभाऊ, ‘टिंगोळा’ म्हणजे काय हो?”

मला ठाऊक नव्हतं. पोरगी शाळेतून आल्यापासून तो शब्द म्हणते आहे आणि एकटीच हसते आहे, असं त्यांनी सांगितलं. खाऊ असेल म्हणून त्यांनी डबा उघडून दाखवला, खेळ असेल म्हणून उडी मारून दाखवली. बाईंनाही फोन करून झाला होता. बाई म्हणाल्या, पोरं आपसात म्हणतात, मला सांगत नायत.

“मग तिलाच विचारा की.”

“विचारलं ना. म्हणाली, ‘आबा, ते आमचं आहे.’ आमचं म्हणाली हो. त्यात मी नाही.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“बरंच झालं,” ते म्हणाले, “यासाठीच तर घातली शाळेत.” आणि लगेच पुढे म्हणाले, “पण तुम्हांला काय वाटतं, काय असेल?”

मी उठून बसलो. आम्ही दोघांनी अर्धा तास डोकं चालवलं, पण काही सापडलं नाही.