ओढलं की नुसतं बांधलं?

कोणी पडल्याचं सांगितलं की "फार दुखतंय का?" असं कोडताई कधीच विचारायच्या नाहीत. "ओढलं की नुसतं बांधलं?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

अमेरिकेत, पिस्कॅटवेत आमच्या खालच्या मजल्यावर त्या एकट्या राहायच्या. मूळच्या नागपूरच्या. हाडांच्या डॉक्टरांच्या कागदांवर विम्यासाठी कोड घालायचं काम घरूनच करायच्या. डॉक्टरने पायाचं मोडलेलं बोट ओढून जागेवर बसवलं तर एक कोड, शेजारच्या बोटाला नुसतं पट्टीने बांधलं तर दुसरा. "आणि अंगठ्याचा मान वेगळा गं," त्या म्हणायच्या. "त्याला स्वतःचा कोड. बाकी चौघांना मिळून एकच. आपण त्या चौघांतल्या."

मी चौथी शिकलेली, लेकीकडे नात सांभाळायला आलेली. कोणाशीही बोलायची लाज वाटायची. पलंगाला ठेचून पायाची करंगळी मोडली, तेव्हा लेक गाडी लावून येईपर्यंत दवाखान्यात मीच धीर करून म्हणाले, "फिंगर ब्रेक." आपल्याकडे हाताचंही बोटच आणि पायाचंही बोटच. पुढे विम्यावाल्यांनी कागद परत पाठवला. फॉर्मवर हात, डॉक्टरच्या नोंदीत पाय. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कोडताई मात्र डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. "अगं बाई, पायाचं बोट हाताला चिकटवून आलीस की!" मग फोनवर तासभर भांडून त्यांनी तो कागद सरळ केला. तेव्हापासून दुपारी नात झोपली, लेक घरी असली, की मी खाली चहाला जायची. या देशात माझं तेवढंच बोलणं.

गेल्या हिवाळ्यात त्यांचं पोट दुखायला लागलं. तपासण्या झाल्या. त्या दिवशी खाली गेले तर कॉम्प्युटर बंद, चहाही ठेवलेला नाही. "ताई, काय म्हणाले डॉक्टर? ऑपरेशन?"

त्या टेबलावर बोट फिरवत राहिल्या. "नाही गं. आता ओढायचं नाही म्हणाले. नुसतं बांधायचं."

मला सगळं कळलं. मी दूध तापत ठेवलं.

शेवटी त्यांची वाचा गेली होती. सकाळभर कण्हत होत्या. घरी तपासायला येणारी नर्स आली तेव्हा नेमका त्यांचा डोळा लागला होता. तिने माझ्याकडे बघून काहीतरी विचारलं. 'पेन' म्हणजे दुखणं, एवढा शब्द मला येत होता. पुन्हा चुकेल म्हणून मी नुसती नकारार्थी मान हलवली. ती औषध न देताच निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ताई गेल्या.

माझी करंगळी वाकडीच जुळली आहे, थंडीत ठणकते. परवा लेक म्हणाली, "आई, लंगडतेस का? फार दुखतंय का?" मी नाही म्हटलं. तिने मायेनेच विचारलं होतं. पण नर्सने त्या दिवशी तेच विचारलं असेल.