अर्ज आधी मावशींना वाचून दाखवला

स्टेपलरवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. बाहीच्या कडेला चारपाच टाचण्या कायम खोचलेल्या असत, म्हणून संस्थेत सगळे त्यांना टाचणीबाई म्हणत. घरमालकांनी बाहेर काढलेल्या भाडेकरूंसाठी भांडणारी ती संस्था. टाचणीबाई तिथे टायपिस्ट म्हणून आल्या, त्याला बावीस वर्षं झाली. संस्था चालवतात मोठ्या बाई, पण चालते ती टाचणीबाईंमुळे, असं खालचा चहावाला म्हणायचा. त्याची उधारी कुणी विसरलं तरी तो हे वाक्य विसरत नसे.

तर मोठ्या बाईंनी निवृत्त व्हायचं ठरवलं आणि संचालकपदाची जाहिरात निघाली. सगळ्यांनी टाचणीबाईंना अर्ज करायला लावलं. त्यांना ते पद हवंही होतं, अगदी मनापासून हवं होतं. आजवर कुणाला सांगायचं धाडस झालं नव्हतं, इतकंच. तीन संध्याकाळी बसून त्यांनी अर्ज लिहिला. त्यात एक वाक्य होतं: 'एकोणीस कुटुंबांचं यशस्वी पुनर्वसन घडवून आणलं.'

आणि इथेच घोडं पेंड खाऊ लागलं.

संस्थेचा एक जुना नियम होता. ज्याच्याबद्दल पत्र किंवा करारपत्र लिहायचं, त्याला ते मोठ्याने वाचून दाखवायचं. त्याने ते आपल्या शब्दांत परत सांगायचं. मगच सही. नव्या वकिलांना ही नसती कटकट वाटे. टाचणीबाईंच्या मात्र ती इतकी अंगवळणी पडली होती, की डॉक्टरांची चिठ्ठीसुद्धा त्या नवऱ्याला वाचून दाखवत आणि त्याच्याकडून वदवून घेत.

"हा अर्ज तुझ्याबद्दल आहे ना?" बसचालक नवरा जेवताना म्हणाला. "मग आरशासमोर उभी राहा आणि वाच. सुटलीस."

"आणि ती एकोणीस कुटुंबं? ती पण आहेत की यात."

नवऱ्याने भाजी वाढून घेतली. बावीस वर्षांत तो या बाबतीत शहाणा झाला होता.

त्या एकोणिसांपैकी एक संस्थेच्या जिन्याखालीच बसे. शिवणवाल्या मावशी. एक मशीन, एक स्टूल, वर लोंबणारा दिवा. दुसऱ्या दिवशी दुपारी टाचणीबाई अर्ज घेऊन खाली गेल्या. मावशींनी मशीनवरचा पाय काढला आणि सगळं ऐकून घेतलं. चष्मा पुसला.

"सांगते हं माझ्या शब्दांत," त्या म्हणाल्या. "तू लिहिलंयस, की आम्हाला घरं मिळाली आणि आमचं भलं झालं. घरं मिळाली, ते खरं. दोन बस बदलून जावं लागतं, तेही चालतं. पण त्या घरात धंदा करायचा नाही असं करारात लिहिलं होतं ना गं? सामान लावल्यावर कळलं मला. आठवडाभर मशीन नुसतं झाकून ठेवलं होतं. मग तुमच्या मोठ्या बाईंनी हा जिना दिला."

टाचणीबाईंना सगळं आठवत होतं. नव्या घरांचं करारपत्र सह्यांसकट द्यायची मुदत त्याच संध्याकाळी संपत होती. एकोणीस जणांना वाचून दाखवायला वेळ नव्हता. 'सह्या करा, मी पाहिलंय सगळं,' असं म्हणून त्यांनी सह्या घेतल्या होत्या. नियम मोडला तो तेवढा एकदाच, आणि नऊ वर्षं त्यांनी त्याबद्दल कुणाकडे अवाक्षर काढलं नव्हतं.

"मावशी, तुम्ही कधी बोलला नाहीत."

"तू कधी विचारलं नाहीस. आता विचारलंस, तर सांगितलं."

त्या रात्रीच टाचणीबाईंनी ते वाक्य खोडलं आणि घडलं तसं लिहिलं. नवऱ्याने खांद्यावरून वाचलं.

"अगं, हा अर्ज आहे की कबुलीजबाब? आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतेयस."

"अहो, माहीत आहे मला," त्या म्हणाल्या आणि कागदांना टाचणी लावली.

मुलाखतीला तिघे होते. मध्ये निवृत्त न्यायाधीश बसले होते. त्यांचं बोट नेमकं त्याच परिच्छेदावर होतं.

"संस्थेचा सगळ्यात जुना नियम तुम्ही मोडलात. मग संस्था तुमच्या हाती का द्यावी?"

टाचणीबाईंनी चांगली उत्तरं पाठ केली होती. त्यातलं एकही आठवलं नाही.

"देऊ नये वाटलं तर देऊ नका," त्या म्हणाल्या. "पण ज्याला द्याल, त्याला ते करारपत्र आधी वाचायला द्या. लोखंडी कपाट, वरून दुसरा कप्पा."

पद त्यांना मिळालं नाही. बाहेरून एक तरुण गृहस्थ आले. टाचणीबाई घरी येऊन खूप रडल्या, आणि लोकांना मात्र बरंच झालं म्हणून सांगत राहिल्या. मोठ्या बाईंनी जाताना त्यांचा हात हातात धरला.

पहिल्या दिवशी सकाळी नवे संचालक त्यांच्या टेबलाशी आले. हातात ते करारपत्र होतं, कडा पिवळ्या पडलेलं.

"न्यायाधीशसाहेबांनी हे आधी वाचायला सांगितलं होतं. वाचलं," ते म्हणाले. "ज्यांना वाचून दाखवायचं राहिलंय, त्यांच्यापैकी जवळ कोण आहे?"

दोघं जिना उतरून खाली गेली. संचालक वाचायला लागणार, तेवढ्यात टाचणीबाईंनी कागद त्यांच्या हातातून घेतला. उभ्यानेच त्यांनी पहिल्या ओळीपासून वाचलं. धंद्याचं कलम दोनदा वाचलं. मावशींनी मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकलं.

"आता तुमच्या शब्दांत सांगा," टाचणीबाई म्हणाल्या.

मावशींनी मान वर केली.

"घर मिळेल, मशीन चालवता येणार नाही," त्या म्हणाल्या. "तेव्हा वाचलं असतंस, तरी मी सही केलीच असती गं. रस्त्यावर होतो आम्ही, दुसरं काय करणार? पण कळून केली असती."

टाचणीबाईंनी बाहीची टाचणी काढली, कागद नीट लावले आणि बाकीच्या अठरा जणांचे पत्ते शोधायला वर गेल्या.