अलिबागची चिठ्ठी

राज्यभर कर्करोगाच्या तपासणीचं काम चालतं, त्यातले कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके माझ्या गळ्यात. गळ्यातच म्हणायचं, कारण काम गावात आणि नियम मुंबईत. एक नियम तर असा, की ऐकून डोकं फिरावं. संशयित रुग्णाला जिल्ह्याबाहेर पाठवायचं नाही! म्हणजे अलिबागचं जिल्हा रुग्णालय. अहो, कर्जतहून मुंबईला सरळ लोकल आहे. अलिबागला जायचं तर दोन-तीन गाड्या बदला आणि अख्खा दिवस घालवा. दर बैठकीत मी हे सांगायची. "मुद्दा नोंदवलाय, मॅडम." नोंदवलाय म्हणे!

भिवपुरीजवळच्या एका गावात शिबिर होतं. तिथल्या बऱ्याच बायका सकाळी मशेरी लावतात. तव्यावर तंबाखू काळा होईस्तोवर भाजायचा, कुटायचा आणि दातांना घासायचा. एका मावशींच्या गालात आतून पांढरा चट्टा दिसला. मी चिठ्ठी लिहिली, तशा त्या हसल्या.

"अलिबागला कशाला गं बाय? माजी काय कोरटात केस हाय?"

इकडच्या माणसाला अलिबाग ठाऊक ते जमिनीच्या भांडणापुरतं. हे मला माहीत होतं. तरी "नक्की जा हं मावशी" म्हणाले आणि पुढच्या बाईला हाक मारली. संध्याकाळी संगणकावर त्यांचं नाव हिरवं झालं. चिठ्ठी दिली की हिरवं. माणूस पोचला का, हे विचारायला रकानाच नाही. पुढच्या बैठकीत आमच्या तालुक्यांचं कौतुक झालं, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

चार महिन्यांनी गावच्या आशाताईंचा फोन आला, मावशींचं तोंड उघडत नाही. गेले तर त्या आमटीत कुस्करलेली भाकरी बोटानं आत ढकलत होत्या. असा संताप आला! नियम गेला खड्ड्यात म्हटलं आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना मुंबईला नेलं.

डॉक्टरांनी गळ्याची गाठ चाचपली आणि चिडून विचारलं, "इतके महिने काय करत होतात?"

मी काही सांगायच्या आत मावशीच बोलल्या. शब्द धड फुटत नव्हते.

"हिनं सांगलं व्हतं. चिठ्ठी पन दिली व्हती. मीच नाय गेले. हिला नका बोलू."

डॉक्टरांनी तसंच लिहून घेतलं, रुग्णाने सल्ला पाळला नाही. मी शेजारीच उभी होते. तो कागद मीच फायलीत लावला.