‘सिरियस’ म्हणजे गेले

१९९६ च्या श्रावणात मला नाशिकला चांदवडहून धाकट्या भावाचा फोन आला, "दादा, बाबा सिरियस आहेत. दवाखान्यात ये." शाळेत ‘सिरियस’ हा शब्द मन लावून शिकणाऱ्या मुलासाठी वापरत. आमच्या नात्यात मात्र माणूस गेल्यावरच असं कळवत, वाटेत धक्का नको म्हणून. बाबा गेले असं समजून मी इगतपुरीची बहीण येईपर्यंत नाशिकलाच थांबलो. दवाखान्यात ती हंबरडा फोडतच शिरली. बाबा म्हणाले, "रडतेस काय? अजून आहे मी!"

त्यानंतर घरात ठरलं, जे असेल तेच कळवायचं. २००५ मध्ये भावाने मोबाइलवर पुन्हा "सिरियस" म्हटलं. मी कोणासाठीही थांबलो नाही. बाबांनी शेवटचं पाणी माझ्या हातून घेतलं.