बाबांचं हैती

बाबा गेल्याची बातमी मला आधी जपानीत कळली. इचिकावातल्या हॉस्पिटलच्या नर्सने ती फोनवर लांबलचक, अदबशीर वाक्यात सांगितली, आणि तिचं दोन शब्दांत मराठी करून हेमंतला, माझ्या नवऱ्याला, योकोहामाच्या ऑफिसात कळवायचं काम माझ्याकडे आलं. सासऱ्यांच्या बाबतीतली अवघड कामं नेहमी माझ्याच वाट्याला यायची. बापलेक एकमेकांशी हवापाण्यापलीकडे बोलत नसत.

बाबा सुभेदार होते. निवृत्त होण्याआधी संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेबरोबर कॅरिबियन समुद्रातल्या हैतीला राहून आलेले. सासूबाईंनंतर ते आमच्याकडे आले ते सामानापेक्षा हैतीच जास्त घेऊन. तिथले आंबे, तिथला समुद्र, रविवारी धुळीच्या रस्त्यावरून चर्चला निघालेल्या पांढऱ्या फ्रॉकमधल्या पोरी... "घरात खायला नसायचं गं, पण फ्रॉकला इस्त्री असायची." मला हे सगळं पाठ झालं होतं. तिथल्या भूकंपाबद्दल मात्र "फार वाईट झालं" एवढंच म्हणायचे आणि टीव्हीचा आवाज वाढवायचे.

आमची ईरा शाळेतून आली की दारातून "तादाइमा" म्हणते, म्हणजे 'आले'. आतून आम्ही "ओकाएरी" म्हणतो. बाबांना याचं फार कौतुक. हैतीतही अशीच पद्धत होती म्हणाले. कुणाच्या घरी गेलं की अंगणातून "ओने" अशी हाक द्यायची, म्हणजे मान. आतून "रेस्पे", म्हणजे आदर, असं उत्तर आल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही.

ईराला खेळच मिळाला. एकदा बाबा फिरून आले तेव्हा ती कपाटात लपून बसली, आणि त्यांनी हाक मारल्यावर आतून बारीक आवाजात म्हणाली, "रेस्पे!" बाबा दारातच मटकन खाली बसले. "परत असं नको म्हणूस," एवढंच बोलले. पोरगी हिरमुसली. मलाही राग आला, खोटं कशाला बोलू. एवढ्या हौसेने शिकली होती ती तो शब्द.

त्याचं कारण शेवटच्या आठवड्यात कळलं. हेमंत नुकताच हॉस्पिटलमधून निघाला होता.

"भूकंपानंतर आम्ही घरं तपासत होतो," बाबा म्हणाले. "एका घरापाशी मी सवयीनं 'ओने' म्हणालो. आणि आतून आलं उत्तर... बाईचा आवाज होता."

"मग?"

"स्लॅब लोंबत होता. जमीन अजून हलत होती. मागून आमच्या तुकडीतला शिंदे पहार घेऊन आला, वाकून आत शिरायला लागला. त्याला काही ऐकू गेलं नव्हतं. मी त्याला ओढलं. म्हटलं, कोणी नाही आत, चला पुढे."

"स्लॅब उचलायला मशीन नाही मागवलं?"

"मागवलं ना, शिंदे पुढे गेल्यावर. ते यायच्या आत घर बसलं. ढिगाऱ्याखालून मला मान दिला गं तिनं." मग माझा हात धरून म्हणाले, "शिंद्याला कळू देऊ नकोस. जन्मभर वाटत राहील त्याला, आपण गेलो असतो तर..."

मला त्यांचा राग आला. तरी मी त्यांचं पांघरूण सारखं केलं.

या लेखात बाबांचं नाव नाही. बाकीची नावं मी बदलली आहेत, शिंदेचंही.

मागच्या आठवड्यात त्याचा गावाहून फोन आला. दर दिवाळीला तो बाबांना न चुकता फोन करायचा. या वेळी बाबा गेल्याचं कळल्यावर आधी नुसता रडलाच. मग म्हणाला, "दंडाला धरून मागं ओढलं होतं साहेबांनी मला, ताई. नाहीतर आज मी नसतो. पोरगी नर्सिंगला आहे माझी, ती बघायला नसतो. एक विचारू? साहेबांना विचारायचं कधी धाडस झालं नाही. त्या घरात... कोणी नव्हतंच ना?"

त्याच्या मागे ताटं मांडल्याचा आवाज येत होता. कोणीतरी त्याला जेवायला बोलावत होतं.

"नव्हतं," मी म्हणाले. "बाबांनी स्वतः हाक मारून बघितली होती."