न हलणारी होडी

काल आमच्या प्रदर्शनात एका गृहस्थांनी माझ्या चित्रावर दोन बोटं टेकवली आणि हळूच फाकवली, मोबाइलवर फोटो मोठा करताना फाकवतात तशी.

"अहो, हात नका लावू!" मी ओरडलेच.

ते दचकले. "सॉरी, मला वाटलं मोठं होईल."

जपानी पद्धतीनं लाकडाचा ठसा कोरून, त्यावर रंग चढवून, हातकागदावर दाबून उमटवलेली नदी होती ती, आणि तिच्यात एक होडी. आता त्या पाण्यावर बोटांचे डाग पडले होते. पण त्यांच्यावर तरी कसं चिडायचं? शेजारच्याच पडद्यावर माझ्या मैत्रिणीनं, ईरानं, तीच नदी संगणकावर वाहती केली होती. बोट लावलं की लाटा उठत आणि होडी पुढे सरके. जुनं आणि नवं एकत्र नांदवायचं, हे आम्हा दोघींचंच ठरलेलं. लोक मात्र पडद्यापाशी रेंगाळतात आणि कागदापुढून चालू लागतात. स्पर्शाला लगेच उत्तर मिळायची सवय झाली, की गप्प बसलेल्या वस्तूपुढे थांबायचं कसं, हेच माणूस विसरत असावा.

गृहस्थ ओशाळून तिथंच उभे होते. मग त्यांनी अगदी मनापासून विचारलं, "मग हे चित्र काय करतं?"

लाकडाच्या शिरा पाण्यात कशा उतरल्यात ते दाखवावं, असं फार वाटलं.

"काही नाही करत," एवढंच मी म्हणाले.

त्यांनी समजल्यासारखी मान डोलावली आणि ते पडद्याकडे वळले.